चौदा गाठींचं अंतर

मित्रांनो, मी सीलच्या कातड्याची एक जुनी वादी आहे. माझी लांबी किती, असं कुणी विचारलं तर मला सरळ उत्तर देता येत नाही. ती दोन वेळा वेगवेगळी भरली, आणि त्या दोन मोजण्यांच्या मधे सात वर्षांच्या एका मुलीचा जीव अडकला होता. मी सांगणार आहे ती गोष्ट तेवढीच.

मला घडवलं ते आगियाक नावाच्या म्हातारीनं. कॅनडाच्या अगदी उत्तरेला, जिथे झाड म्हणून उगवत नाही, त्या किनाऱ्यावर तालुर्विक नावाचं आमचं गाव आहे. आगियाकच्या नवऱ्यानं एक दाढीवाला सील मारला होता. तिनं त्याचं कातडं न फाडता नळीसारखं काढलं आणि एका टोकापासून गोल गोल कापत नेलं. कुठेही न तुटता एकच लांब पट्टी निघाली. मग तिनं केस खरवडले, दोन दगडांमध्ये ताणून मला वाळवलं आणि जिथे मी ताठ राहिले तिथे दातांनी चावून मऊ केलं. त्या मोठ्या पट्टीतला माझा तुकडा जेमतेम दोन हात लांबीचा. पुष्कळ वर्षं मी ओझी बांधली, तंबूचा खांब आवळला, एकदा तर एका कुत्रीचा मोडलेला पाय बांधून ठेवला.

आगियाक गेली त्या सुमारास गावाबाहेर विमानासाठी खडीची धावपट्टी झाली. गावापासून ती तासाभराच्या चालीवर. तिच्या कडेला रेडिओची लाकडी खोली, आणि त्या खोलीची जबाबदारी आगियाकच्या मुलाकडे, उयाराककडे आली. भिंतीवर मोठा नकाशा होता, आणि शेजारच्या खुंटीवर उयाराकनं टांगलेली मी. तेव्हा गॅरेट नावाचा एक वैमानिक यायचा. त्याला आमची भाषा येत नव्हती, उयाराकला त्याची येत नव्हती. पण विमान कुठून निघालं की किती वेळात पोचेल, हे उयाराकला कळायलाच हवं होतं. गॅरेटनं खुंटीवरून मला काढलं, नकाशावर ताणलं आणि ठराविक अंतरावर एक गाठ मारली. घड्याळावर दहा मिनिटं दाखवली. मग दुसरी गाठ, आणखी दहा मिनिटं. अशा वीस गाठी. उयाराकनं दोन गाठींमध्ये आपला अंगठा आडवा ठेवून पाहिला. बरोबर दोन अंगठे बसले. तो हसला, गॅरेट हसला, आणि दोघांनी चहा घेतला.

तेव्हापासून मी अंतराची वेळ करून देऊ लागले. एक टोक एका विमानतळावर, दुसरं तालुर्विकवर, आणि मधल्या गाठी मोजायच्या. त्या काळात माझं कौतुक फार झालं. दक्षिणेकडचा एक अधिकारी आला होता. त्यानं माझा फोटो काढला आणि उयाराकला विचारलं, विकतोस का. उयाराक म्हणाला, "आईची आहे. आई अजून हिच्यातच आहे. ही विकली तर ती कुठे झोपेल?" अधिकाऱ्याला ते कळलं नाही.

पण हळूहळू उयाराकला परकी भाषा कामापुरती येऊ लागली, आणि सगळं पाठही झालं. टपालाचं विमान नेहमी एकाच गावाहून येई आणि तेवढ्याच वेळात येई. मग मला कशाला काढायचं? मी नकाशाशेजारी नुसती लटकत राहिले.

आता मुलीबद्दल सांगते. आमच्याकडे माणूस गेलं की त्याचं नाव पुढच्या जन्मलेल्या बाळाला देतात, आणि नावाबरोबर नातंही जातं. आगियाकचं नाव कुपाकच्या मुलीला मिळालं. म्हणून पन्नाशीचा उयाराक त्या चिमुरडीला आई म्हणायचा, आणि ती त्याला पोरा म्हणायची. रेडिओच्या खोलीत येऊन ती कमरेवर हात ठेवून विचारायची, "पोरा, जेवलास का? टोपी कुठे आहे तुझी?" उयाराक निमूटपणे टोपी घालायचा. तिचा बाप कुपाक तिशीतला, पण नात्यानं तो उयाराकच्या आईचा बाप झाला. त्यामुळे उयाराक त्याला आजोबा म्हणून छळायचा.

"आजोबा, गुडघे कसे आहेत?"

"तुझ्यापेक्षा बरे आहेत, नातवा. तू जरा कमी खा, नाहीतर खुर्ची मोडेल."

माझ्यासाठीही ती मुलगी म्हणजे आगियाकच होती. ती मला दातात धरून चावायची तेव्हा मला ओळखीचं वाटायचं.

आता ती चूक. आमच्याकडे भिंतीवर रिकामी लटकणारी वस्तू मालकाची राहत नाही, ज्याला गरज आहे त्याची होते. नेताना विचारायची पद्धत नाही. परत ठेवताना मात्र ती नीट ठेवायची. त्या वसंतात कुपाकला किनाऱ्याजवळ मोठा सील मिळाला, आणि ओढताना त्याची स्वतःची वादी तुटली. तो धावत खोलीत आला आणि मला घेऊन गेला. मी त्या तुटलेल्या वादीच्या मधला सांधा झाले. फुटलेल्या बर्फातून, खाऱ्या पाण्यात भिजत, मी तो सील ओढला. तीन माणसं एका बाजूला आणि सीलचं वजन दुसऱ्या बाजूला. मग तशीच ताणलेली मी त्याच्या घसरगाडीवर वाळले. ओलं कातडं ताणलेल्या स्थितीत वाळलं की तिथेच राहतं. परत आखडत नाही. माझी प्रत्येक दोन गाठींमधली जागा वाढली.

कुपाक चांगला माणूस. त्यानं मला पुसलं, सीलचं तेल लावलं, पूर्वीपेक्षा चकचकीत करून खुंटीवर टांगलं. उयाराकनं पाहिलं आणि म्हणाला, "वा, आजोबांनी वादीला आंघोळ घातली." एवढंच. काय झालं होतं ते कुपाकनं सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही झालंय असं त्याला वाटलंच नाही.

डिसेंबर आला. त्या महिन्यात आमच्याकडे सूर्य उगवत नाही. दुपारी थोडा निळसर उजेड येतो आणि तोही लगेच जातो. एके सकाळी कुपाकच्या मुलीच्या पोटात दुखू लागलं. दुपारपर्यंत ताप चढला आणि पोट दगडासारखं घट्ट झालं. गावातल्या नर्सबाई दक्षिणेकडच्या होत्या. त्यांनी पोटाला हात लावून पाहिला. मग रेडिओच्या खोलीत येऊन उयाराकला म्हणाल्या, "अपेंडिक्स आहे. आतमध्ये फुटलं असेल किंवा फुटेल. आजच शस्त्रक्रिया झाली नाही तर काही खरं नाही."

"आज म्हणजे कधीपर्यंत?"

"शक्य तितक्या लवकर. हे घड्याळाचं काम नाही, उयाराक."

पण ते घड्याळाचंच काम होतं. नेहमीचं विमान तीन दिवसांनी येणार होतं. उयाराक रेडिओवर हाका मारत राहिला. आकाशात दोन दिवस ध्रुवप्रकाशाचे हिरवे पडदे हलत होते, आणि असं आकाश असलं की रेडिओत नुसती खरखर होते. शेवटी एक आवाज लागला. पिंगुवाकचा. पिंगुवाक म्हणजे आणखी उत्तरेला, हवामानाची नोंद ठेवणाऱ्या चार माणसांचं ठाणं आणि एक धावपट्टी. तिथून तालुर्विकला आजवर कधीच विमान आलं नव्हतं. योगायोगानं तिथे एक विमान होतं. वैमानिक अनोळखी होता.

"निघालो," तो आवाज म्हणाला. "दोन वाजून दहा मिनिटं. पोचायला—"

आणि खरखर. उयाराकनं बटणं फिरवली, दांडी हलवली, रेडिओवर हात आपटला. पुढचा आकडा आलाच नाही.

आता तुम्ही म्हणाल, विमान निघालं ना, मग वाट पाहायची. तसं नव्हतं. आमच्या धावपट्टीवर विजेचे दिवे नव्हते. वाळू भरलेल्या डब्यांत रॉकेल ओतून ते दोन्ही कडांना पेटवायचे, की वैमानिकाला पट्टी दिसे. त्या उन्हाळ्यात बर्फामुळे जहाज गावापर्यंत आलं नव्हतं, म्हणून रॉकेल टंचाईत होतं. प्रत्येक घरानं आपल्या दिव्यातून वाटी वाटी दिलं. बावीस डबे भरले. नीट धरलं तर ते वीस मिनिटं जळतील एवढंच. फार लवकर पेटवले तर विमान येण्याआधी विझणार. उशिरा पेटवले तर वैमानिक अंधारात गावाला ओलांडून जाणार. पिंगुवाकपासून इथवर किती वेळ, हे नेमकं कळायला हवं होतं.

उयाराकनं मला खुंटीवरून काढलं.

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगते. त्यानं माझं एक टोक पिंगुवाकवर धरलं, दुसरं तालुर्विककडे ताणलं, आणि मला आतून ठाऊक होतं की मी खोटं सांगणार आहे. त्याची बोटं गाठींवरून सरकत होती. अकरा, बारा, तेरा, चौदा. मी आवळून घ्यायचा प्रयत्न केला. कातड्याला तसं करता येत नाही.

"चौदा," तो म्हणाला. त्यानं पुन्हा मोजलं. "चौदाच. मला वाटलं होतं जरा जास्त भरेल." मग तो स्वतःशीच पुटपुटला, "आईची वादी आहे. ती चुकायची नाही." चौदा गाठी म्हणजे दोन तास वीस मिनिटं. साडेचार वाजता विमान येणार. पाच मिनिटं आधी डबे पेटवायचे.

त्यानं मला हातमोज्यात घेतलं आणि धावपट्टीवर गेला. दर दहा मिनिटांनी तो घड्याळ पाहून एक गाठ पुढे सरके.

चार वाजता सगळं गाव तिथे जमलं. सात घसरगाड्या, कुत्री, बायका, म्हातारे, नर्सबाईंची बर्फावर चालणारी मोटर. मुलगी बापाच्या गाडीवर हरणाच्या कातड्यांत गुंडाळलेली होती. तिची आई तिच्यावर ओणवून बसली होती, वारा लागू नये म्हणून. उयाराक जवळ गेला.

"आई, थंडी वाजते का?"

"पोरा," ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्या पोटात कुणीतरी बसलंय."

"येतंय विमान. ते त्याला बाहेर काढतील."

"तुझी टोपी," ती म्हणाली, आणि डोळे मिटले.

चार पंचवीसला डबे पेटले. बावीस पिवळ्या ज्योतींच्या दोन रांगा. सगळे वर पाहत उभे राहिले. साडेचार झाले. चार पस्तीस. चार चाळीसला टोकाचा डबा विझला, मग त्याच्या शेजारचा. एक म्हातारी धावत गेली आणि आपल्या डगल्यानं एका डब्याला आडोसा करू लागली, जणू वाऱ्यामुळे विझत होता. वारा नव्हताच. रॉकेल संपत होतं. चार पंचेचाळीसला शेवटची ज्योत गेली. डबे लालबुंद तापलेले होते, त्यात आता काही ओतायचं म्हटलं तर भडका उडाला असता. आणि ओतायला होतं काय.

नर्सबाई म्हणाल्या, "तिचे पाय गार पडलेत. तिला घरी न्या. अशी बाहेर ठेवली तर थंडीनंच जाईल."

"आणि विमान?" कुपाकच्या बायकोनं विचारलं.

एक जण म्हणाला, "वाटेत उतरलं असेल कुठेतरी. किंवा परत फिरलं." दुसऱ्यानं कुत्र्यांच्या दोऱ्या सोडवायला सुरुवात केली. उयाराक अजून माझी चौदावी गाठ चिमटीत धरून उभा होता.

"दोनदा मोजलं मी," तो म्हणाला. "आजोबा, दोनदा मोजलं."

कुपाकनं कंदील वर केला. त्याची नजर माझ्यावर पडली. त्यानं मला हातात घेतलं, दोन गाठी दोन हातांत धरल्या, आणि त्याचा चेहरा बदलला. मित्रांनो, तो गप्प बसू शकला असता. कुणाला काही कळलं नसतं. स्वतःच्या लेकीच्या अंगावर आलेली चूक आपली आहे, हे सगळ्या गावासमोर सांगणं सोपं नसतं.

"वसंतात हिनं मी सील ओढला होता," तो म्हणाला. "बर्फातून. ही ओली होती. तशीच ताणून वाळली."

"तू सांगितलं नाहीस," उयाराक म्हणाला.

"मी तेल लावलं होतं."

कुणीतरी शिवी हासडली. कुपाकच्या बायकोनं मान वर केली आणि नवऱ्याकडे फक्त पाहिलं. पण उयाराकनं हातमोजा काढला. त्या थंडीत उघडं बोट मिनिटभरात पांढरं पडतं. तो गाठींमध्ये अंगठा आडवा ठेवत मोजू लागला. आठ अंगठ्यांपर्यंत आला, तेव्हा बोट वाकेना. त्यानं ते तोंडात धरलं आणि पुन्हा सुरुवात केली.

"सात जागांत चौदा अंगठे बसायला हवेत," तो म्हणाला. "सोळा बसतायत. म्हणजे ही सात सांगते तिथे खरं आठ असतं. चौदा सांगितलं म्हणजे..."

"सोळा," कुपाक म्हणाला.

"दोन तास चाळीस मिनिटं. चार पन्नास." त्यानं घड्याळ पाहिलं. चार अठ्ठेचाळीस झाले होते. "ते परत फिरलेलं नाही. आपणच लवकर दिवे लावले. ते आत्ता येतंय, आणि खाली काळोख आहे."

माणसं थांबली. आता काय जाळायचं? साठ्यात विमानाच्या इंधनाचं एकच पिंप होतं, ते जाळलं तर मुलीला घेऊन विमान पुढे कसं जाणार? गावात चालत जाऊन यायला दोन तास, मोटरनंही अर्धा तास. खोलीची लाकडं तोडेपर्यंत विमान निघून जाणार. कुपाक आपल्या घसरगाडीजवळ गेला. आमच्याकडे लाकूड जहाजातून येतं, तेही वर्षातून एकदा, आणि त्या वर्षी आलं नव्हतं. घसरगाडी नसली तर शिकार नाही. शिकार नसली तर कुत्री मरतात आणि घर उपाशी राहतं. कुपाकनं मुलीला उचलून बायकोच्या हातात दिलं, कुत्री सोडली आणि गाडी ओढत पट्टीच्या टोकाला नेली.

"एकट्या माझ्या गाडीनं पट्टी दिसणार नाही," तो म्हणाला. त्यानं कुणाकडे मागितलं नाही. नुसतं सांगितलं आणि पाठ फिरवली.

मग ज्यानं शिवी दिली होती त्यानं आपली गाडी ओढायला घेतली. "बघतोस काय," तो शेजाऱ्याला म्हणाला. "तुझी पुढच्या कोपऱ्यात ने. माझी जास्त जुनी आहे, ती आधी पेटेल." सातही गाड्या गेल्या. चार एका कडेला, तीन दुसऱ्या कडेला. नर्सबाईंच्या बर्फावरच्या मोटरीतून पेट्रोल काढून त्यावर शिंपडलं. पण पेटवायचं कधी? सुकं लाकूड भराभर जळून जातं. आवाज येईपर्यंत थांबायचं ठरलं.

चार पन्नास झाले. आवाज नाही. चार बावन्न. उयाराकची मूठ माझ्यावर इतकी घट्ट होती की माझ्या गाठी त्याच्या तळव्यात रुतल्या. तो सोळाचा हिशेब पुन्हा पुन्हा ओठांत करत होता. त्याला आता स्वतःवर विश्वास नव्हता, माझ्यावर तर नव्हताच. मी त्याच्या हातात होते आणि त्याला सांगू शकत नव्हते की हा हिशेब बरोबर आहे, थांब, अजून थोडं थांब.

चार चोपन्नला कुत्र्यांनी एकदम उत्तरेकडे तोंडं केली.

"पेटवा," उयाराक म्हणाला.

विमान उतरलं. वैमानिक खाली आला. तो म्हणाला, इंधन एका घिरटीपुरतं उरलं होतं, परत जायचा प्रश्नच नव्हता. साठ्यातल्या पिंपातून त्याला इंधन भरलं, मुलीला आत ठेवलं, तिची आई आणि नर्सबाई चढल्या. कुपाकसाठी जागा नव्हती. विमान दक्षिणेकडे, इस्पितळ असलेल्या गावाकडे गेलं. धावपट्टीच्या कडेला सात काळे ढीग उरले, आणि माणसं कुत्र्यांना गळ्यापाशी धरून पायी घरी गेली.

त्यानंतर अकरा दिवस रेडिओ बंद होता, आणि पट्टीवर दिवे नसल्यानं टपालाचं विमानही उतरू शकलं नाही. कुपाक रोज चालत खोलीत यायचा आणि स्टुलावर बसायचा. उयाराक त्याला चहा द्यायचा. आजोबा म्हणायचं त्यानं सोडलं होतं. एकदा कुपाक म्हणाला, "मला काहीतरी बोल. शिव्या दे हवं तर." उयाराक म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून आम्ही थांबलो." "आधी सांगितलं असतं तर?" कुपाकनं विचारलं. उयाराकनं त्याचा पेला पुन्हा भरला. त्या प्रश्नाचं उत्तर दोघांनाही माहीत होतं, आणि मलाही.

बाराव्या दिवशी आवाज लागला. इस्पितळातून मुलीची आई बोलत होती. अपेंडिक्स फुटलं होतं. सहा दिवस मुलगी कुणाला ओळखत नव्हती. आता ताप उतरला होता. मग मधेच एक बारीक आवाज आला, "पोरा, तुझी मोजणी चुकली म्हणे."

उयाराकनं रेडिओचा माइक कुपाकच्या हातात दिला आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

तो हिवाळा वाईट गेला. सात घरांनी आपल्या तोंडचा घास एकमेकांत वाटून खाल्ला. कुपाकची अकरापैकी सहा कुत्री मेली. मुलगी मार्चमध्ये परत आली, बारीक होऊन, पोटावर लांब व्रण घेऊन. पुढे नवे नकाशे आले, वैमानिक बोलूनच वेळ सांगू लागले, आणि माझं काम संपलं. आता नव्या इमारतीत काचेमागे मी टांगलेली आहे. खाली पाटी आहे, दोन गाठींत दहा मिनिटं. ते खरं नाही. आता दोन गाठींत अकरा मिनिटांपेक्षा थोडं जास्त आहे. पण काच कुणी उघडत नाही.

मित्रांनो, कुणाची वस्तू नेलीत तर ती पुसून, तेल लावून परत ठेवा. ते तर तुम्ही करताच. पण तिला तुमच्या हातात असताना काय झालं, तेही सांगा, अगदी क्षुल्लक वाटलं तरी. आमच्या गावात आता लोक तसं करतात. चाकू परत देताना म्हणतात, "ह्याचं टोक थोडं गेलंय." किटली देताना म्हणतात, "ही खालून गळते, थेंबभर." ऐकणारा हसतो, म्हणतो, "एवढंसं सांगायला आलास?" आणि सांगणारा हसत नाही. तो म्हणतो, "हो. एवढंसंच."